नमुना म्हणून पाठवलेलं आसन

मासिकांच्या दिवाळी अंकात ‘आमची निवड’ अशा धर्तीची पानं असतात. कुठली पणती घ्यावी, कुठलं अत्तर, कुठली चादर. वाचणाऱ्याला वाटतं, संपादकबाई बाजार हिंडल्या आणि जे आवडलं ते त्यांनी सांगितलं. तसं क्वचितच असतं. त्या पानापर्यंत वस्तू नेऊन पोचवणारा कुणीतरी मागं असतो. पुण्यात मी आयुष्यभर तेच केलं. पत्रं लिहायची, नमुने पाठवायचे, फोनवर गोड बोलायचं. निवृत्तीनंतर वरवे बुद्रुकला घर बांधलं, तेव्हा ते सगळं सुटलं असं मी समजत होतो.

वेल्ह्याच्या बाजारात एक बाई लोकरीची आसनं घेऊन बसायची. वरच्या वाडीवरची, मेंढरं पाळणाऱ्या घरातली, नवरा वारलेला. लोकर पिंजून सूत ती काढायची आणि तिचा दीर ते मागावर विणायचा. चिंचोक्याची खळ लावलेलं, काळं, जाडंभरडं आसन. मी एक विकत घेतलं, बसून पाहिलं आणि जुनी खोड जागी झाली. म्हटलं, तुमचा माल मुंबईच्या मासिकात छापून आणतो.

तिनं मला खालून वर न्याहाळलं. मासिकात येऊन काय होतं, हे तिला समजावून सांगावं लागलं. आता अंक मोबाईलवरही निघतो, वस्तूखाली एक बटण असतं, ते दाबलं की घरबसल्या मागणी नोंदवता येते, असं मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“आन् वाखाणून त्या मासिकवाल्या बाईला काय मिळतं?”

तिचा बाप बैलबाजारात दलाली करायचा. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा, वर तोंडानं मात्र बैलाची तारीफ चालायची, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून तिला शंका आली, आणि ती बरोबर होती. त्या बटणावरून झालेल्या प्रत्येक विक्रीत मासिकाचा वाटा होता, आणि माल मिळवून दिला म्हणून त्यातला थोडा माझाही. मी म्हणालो, “काही नाही. आवडलं म्हणून लिहितात.”

इथून सगळं बिघडलं.

दिवाळीचं पान ऐन पावसाळ्यात ठरतं. मी कळवलं होतं त्या मुंबईच्या संपादकबाईंचा निरोप आला तेव्हा आषाढ चालला होता. आठवड्यात नमुना हवा, फोटो काढायचा आहे. आता वेल्ह्याकडचा माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. पावसाळ्यात त्या खड्ड्याला खालून पाणी फुटतं आणि माग बंद पडतो. मेंढरं धुऊन कातरायची ती दसऱ्यानंतर. उन्हाळ्यातली आसनं लग्नसराईत खपलेली. तिच्या घरात एकही शिल्लक नव्हतं, आणि माझं आसन मी कुणाला तरी देऊन टाकलेलं.

संपादकबाईंना दसऱ्यापर्यंत थांबा म्हणायची सोय नव्हती; पान दुसऱ्याला गेलं असतं. मी पुण्याला गेलो, एका दुकानातून गिरणीच्या लोकरीचं करड्या रंगाचं मऊ आसन आणलं, दुकानाची चिठ्ठी काढून टाकली आणि वेल्ह्याचं म्हणून पाठवून दिलं. वाडीवर सांगितलं, नमुना गेला. बाईला वाटलं, बाजारात मी तिच्याकडून घेतलेलंच गेलं.

फोटो सुरेख आला. मागण्या आल्या. कातरणी झाली, माग सुरू झाला, दीर विणायला बसला. गठ्ठे तोच एसटीनं भोरला नेऊन कुरिअरला द्यायचा. आणि महिन्याभरात आसनं परत यायला लागली. फोटोतलं करडं, हे काळं. फोटोतलं मऊ, हे टोचतं. मेंढराचा वास येतो. फसवणूक आहे.

संपादकबाईंनी फोन करून मला विचारलं, “काका, त्यांनी माल बदलला का हो?” मी म्हणालो, चौकशी करतो. एवढंच म्हणालो. त्यांनी बटण काढलं आणि त्या जागी विक्रेता विश्वासार्ह नसल्याची सूचना टाकली.

माल बदलला एवढंच वाडीवर पोचलं, आणि तिथं चौकशी वेगळीच झाली. आपली लोकर चांगली, आपलं सूत चांगलं, हे बाईला पक्कं ठाऊक होतं. मग माल बदलला कुठं? वाडी ते भोर या वाटेवर. आणि त्या वाटेवर गठ्ठा असायचा एकट्या दिराच्या खांद्यावर. तिच्या सुताचा माल परस्पर विकून त्यानं हलका भरला, असं ठरलं. परत आलेलं एखादं आसन तिनं उघडून पाहिलं असतं, तर तिला आपलंच सूत ओळखू आलं असतं. पण परतीचा माल भोरलाच पडून राहिला, तो सोडवून आणायची कुणाची इच्छा राहिली नव्हती. बाजारात चहाच्या टपरीवर लोक दिराला सूतचोर म्हणू लागले. तिनं त्याच्याकडे सूत द्यायचं बंद केलं. माग तसाच पडला.

हे मला कळत होतं. मी दोन वर्षं वेल्ह्याच्या बाजाराला गेलो नाही.

यंदा आधी संपादकबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या सावधपणे म्हणाल्या, “काका, गोष्ट छान आहे. पण यात नवीन काय विकायचंय?” काही विकायचं नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

मग वाडीवर गेलो. बाई अंगणात होती, दीर कुडाला पाठ टेकून दोर वळत होता. मी उभ्यानंच बोललो. नमुना दुकानातला होता. वाटेत काही बदललं नाही. बटणात माझाही वाटा होता.

ती चिडली नाही. डोळे बारीक करून म्हणाली, “आन् हे आत्ता सांगून तुमाला काय मिळतं?”

“ओझं उतरेल असं वाटलं.”

“ते तुमचं. भावजींचं कुठं उतरवायचं? टपरीवर चला आन् तिथं बोला.”

बाजाराच्या दिवशी गेलो. टपरीवर माणसं होती, दीरही आला होता; सगळ्यांसमोर तेच शब्द पुन्हा बोललो. ऐकून घेतल्यावर एक जण दिराकडे बघून हसला. “म्हाताऱ्याला किती दिलंस रं?” बाकीचेही हसले. कुणाला खरं वाटलं, कुणाला नाही, मला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो तर दिरानं माझा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या आबा. वैनींनी ऐकलंय.”

बाई टपरीच्या बाहेर उभी होती. काखेतलं गाठोडं तिनं दिराच्या हातात दिलं. त्यात काढलेलं सूत होतं. दोघं वाडीच्या वाटेला लागले, ती पुढं, तो चार पावलं मागं. टपरीवरचे मात्र अजून माझ्याकडेच बघत होते. ह्यात या म्हाताऱ्याचा काय डाव, हे त्यांना शोधून काढायचं होतं.