छातीवरचा जोई

"मना नाय जमत बसाला, सिस्टर." खुर्ची पुढे केली की आजोबांचं हे ठरलेलं वाक्य.

कामोठ्यातल्या एका हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात मी नर्स आहे. येरझाऱ्या घालणारे नातेवाईक मला नवे नाहीत, पण मोरा गावाहून आलेल्या या आजोबांनी तर फरशी झिजवायचीच काय ती बाकी ठेवली होती. जन्मभर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवलेला माणूस. तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर तर बसूनच असतो. मीही तेच म्हणाले.

"गारी चालते ना वो!"

सून आयसीयूत, मुलगा बोटीवर, विहीणबाई सुनेपाशी. नातू ओंजळीत मावेल एवढा. त्याला कुणीतरी उघड्या छातीवर धरून तासन्‌तास न हलता बसायला हवं होतं. उरले हेच.

"कांगारू धरतं ना पिल्लाला, तसं," मी समजावलं. "त्या पिल्लाला जोई म्हणतात. आम्ही इथल्या सगळ्यांनाच जोई म्हणतो."

आजोबा भडकले. "जोई आमच्या शेजारनीचा कुत्रा हाय. बंदरात एक साहेब पन जोई व्हता, लय खडूस. माझ्या नातवाला काय म्हनता हे?"

"मग तुम्हीच नाव सांगा."

"बारशाआधी नाव नाय ठेवत आमी."

बारसं होईल की नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाचवीला घरी शेजारच्या बायकांनी सटवाईची पूजा मांडली आणि इकडे आजोबांचा जीव थाऱ्यावर राहिना. "सटवी घरी जानार, पोर हितं. मंग नशीब कुनाचं लिवनार?" तिला दिसावं म्हणून खुर्ची दारासमोर हवी होती. नियमात बसत नव्हतं; मी सरकवून दिली. त्या संध्याकाळी बाळाला छातीवर घेऊन ते बसले ते चहालाही उठले नाहीत. एवढुशी बाळं मधूनच श्वास घ्यायला विसरतात. मशीन वाजलं की मी शिकवल्याप्रमाणे ते बोटाने पाठ चोळायचे. "घे रं श्वास. घे रं, जोई." मी मुद्दाम दुसरीकडे बघायची.

बाळ जगलं. सूनही सावरली. पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे दोघं साताऱ्याकडे, तिच्या माहेरी निघाली. विहीणबाईंनी बाळाला शालीत गुंडाळून घेतलं. "रीत हाय," आजोबा म्हणाले. गाडी गेली आणि ते पुन्हा वर आले.

"पाठ कशी चोलाची, त्यांना सांगलं ना?"

"आता गरज नाही, आजोबा. त्याचा तो घेतो श्वास."

"घेतो म्हना."

भर मे महिन्यात त्यांनी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि छातीवर हात आडवा धरून, एकेक पायरी जपत, ते जिना उतरून गेले.