मंगलीचा कोंडवाडा

राखणदार कवडू वारला आणि गावच्या कोंडवाड्याची किल्ली त्याच्या बायकोच्या, मंगलीच्या कमरेला आली. मोकाट गुरं धरायची, कोंडायची, मालक दंड भरून नेईपर्यंत चारापाणी करायचं. बाईमाणूस काय सांड धरणार, म्हणून केशोरीकडचं ते गाव हसलं. मंगलीनं दोर हातात घेतलाच नाही. टोपलीत मोहाची वाळलेली फुलं घेऊन ती पुढे चालायची. गुरं वासानं मागे यायची, थेट फाटकात.

एकच जनावर तिनं कधी धरलं नव्हतं. भोजराजचा पांढरा सांड. भोजराजला अख्खं गाव मालक म्हणायचं. सांड देवाच्या नावानं सोडला, असं त्यानं सांगून ठेवलेलं. त्यामुळे कुणी हटकत नव्हतं. सांड दिवसभर लोकांच्या धानाच्या बांध्या तुडवायचा आणि सांजेला भोजराजच्या गोठ्यात सरकीची ढेप खायला जायचा.

२००६च्या दिवाळीआधी त्या सांडानं गावातल्या शामकलाच्या बांधीतला लोंबीवर आलेला धान खाल्ला. शामकला शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून बघत राहिली. रडलीही नाही. मंगली घरी गेली आणि टोपली भरून आली.

सांजेच्या सुमारास भोजराज माणसं घेऊन कोंडवाड्यावर आला. मागोमाग गाव जमलं, शामकलाही आली. देवाचं जनावर कोंडलं, पाप लागेल, उद्यापासून तुझं काम बंद, असं तो बरंच बोलला. या कामाशिवाय मंगलीला दुसरा आधार नव्हता. तरी तिनं सरळ विचारलं.

"सांड कोनाचा हाये?"

"देवाचा. मालूम नाई का तुले?"

"मंग तुमी कायले आले? देवाले पाठवा."

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. भोजराजच्या माणसानं दरडावलं, "मंगले, समोर मालक उभे हायेत."

"कोनाचे मालक? या सांडाचे? तसं सांगा, आत्ता फाटक खोलून देते. पर मंग शामकलाच्या धानाचंबी बोला."

आत सांड ढेपेच्या वेळेला हंबरू लागला. गोठा कोणत्या दिशेला आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच दिशेला तोंड करून हंबरत होता.

"माझा हाये," भोजराज पुटपुटला.

"आयकू नाई आलं."

मंगली जागची हलली नाही. किल्ली कमरेलाच होती. भोजराजनं एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा शामकलाकडे.

"माझा हाये म्हनलं ना. धान भरून देतो तिचा."

मग मंगलीनं फाटक उघडलं. काम बंद करायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. सांडाला स्वतःच्या हातानं दावं लावून, सगळ्यांदेखत, तो घराकडे घेऊन गेला.