आबांची चाल आणि माझी घाई

एक गोष्ट मी घरात वर्षभर लपवून ठेवली.

माझ्या वडिलांना, आबांना, पार्किन्सन्स आहे. दाराशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटतात. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "त्यांना घाई करू नका. मनावर ताण आला की पाय अधिकच अडकतात. थांबू द्या, श्वास घेऊ द्या, मग पाऊल टाकू द्या." देवपूरला घरी परतल्यावर मी यातले अक्षरही उच्चारले नाही, कारण आबांना घाई करणारा घरात मी एकटाच होतो.

दोष मी इतरत्र शोधला. पायपुसणे टाकून दिले, उंबरा तासून घेतला, नवे जोडे आणले. प्रत्येक सुधारणेनंतर आबांच्या पाठीशी उभा राहून मी अत्यंत मृदू आवाजात म्हणे, "आबा, चला ना." माझ्या त्या मृदूपणाने ते खुंटासारखे रुतत.

श्रावणात आमच्याकडे खान्देशची देवी कानबाई बसते. दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत पांझरा नदीवर विसर्जनाला पोचवतात. आबांना यंदा चालतच जायचे होते. मी रिक्षा सांगून ठेवली.

"रिक्षात तू बस," आबा म्हणाले. "घाई तुले शे."

मिरवणूक निघाली आणि लगेच थांबली. मग थांबतच राहिली. कुठे बायकांची फुगडी, कुठे दारातून येणारे पूजेचे ताट. आबाही थांबत, श्वास घेत आणि ढोल वाजू लागला की सर्वांबरोबर पाऊल टाकत. एका वळणावर मात्र ते खिळले. माझ्या तोंडून सवयीने निघालेच, "आबा, चला ना."

त्यांनी फुगडीपाशी थांबलेल्या सगळ्यांकडे बोट दाखवले. "बठ्ठा लोके उभा शेतस. मी एकलाच अडकेल शे का?"

कानबाई डोक्यावर घेतलेल्या माझ्या थोरल्या वहिनी पुढून म्हणाल्या, "भाऊजी, कानबाईलाही म्हणा की, चला ना!"

सगळी गल्ली हसली. आबाही हसले, आणि हसता हसता त्यांचा पाय सुटला.

नदीवर ते घामाघूम, पण प्रसन्न उभे होते. मी त्यांच्या कानाशी पुटपुटलो. ढोलापुढे माझ्या आवाजाचा काय पाड?

"काय? जोरमा बोल!"

मी जन्मात प्रथमच ओरडलो, "आबा, घाई करू नका असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते लपवलं. तुमचे पाय मीच अडवत होतो. माझं चुकलं!"