‘बरी आहे’ या दोन शब्दांतून सोडवणाऱ्या सुलोचनाबाई

वकील सुलोचनाबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात चार ओळी लिहून द्या, असे त्यांच्या मंडळींनी सांगितले. मी तिसरी शिकलेली. शुद्धलेखन पाहिजे त्याने करून घ्यावे, पण माझे शब्द बदलू नयेत. शब्द बदलला की काय होते ते मी भोगले आहे.

बाईंची पहिली भेट कचेरीबाहेरच्या बाकावर झाली आणि मी त्यांना दलाल समजून झाडले. माझी नात वैशाली हिचे जन्मापासून दोन्ही पाय लुळे, वरून झटके येतात. तिची अपंगांची पेन्शन अचानक बंद झाली होती. झटक्यांची गोळी त्याच पेन्शनवर येते. खेपा मारून मारून मी वैतागले होते. बाईंनी विचारले, “का झालं आजी?” मी म्हटले, “तुमचा भाव सांगा आधी.” बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी सरकारनं दिलेली वकील आहे. गरिबाले फुकट. कागद दाखवा.” फुकट ऐकून माझा संशय आणखी वाढला. तरी दाखवले.

काही दिवसांनी बाई सावली गावाला बस बदलून आमच्या गावी आल्या. चौकशीच्या कागदाची नक्कल त्यांनी काढली होती. वाचून दाखवली: ‘मुलगी बरी झाली असल्याचे आजीने सांगितले.’ खाली माझी सही.

मी सही पुन्हा पाहिली. मग आठवले. धान लावायचा रोवणा चालू होता, मी शेताच्या बांधीत चिखलात. कचेरीतल्या एका नव्या बाबूने शेताच्या धुऱ्यावरून ओरडून विचारले, “नात कशी आहे?” मी म्हटले, “बरी हाये.” आमच्याकडे दुसरे काय म्हणतात? खाटेवर खिळलेला माणूसही पाहुण्याला बरा हाये म्हणतो. बाबूने ‘बरी झाली’ लिहिले आणि मी चिखलाच्या हाताने सही ठोकली. नातीची गोळी मीच माझ्या तोंडाने बंद केली होती. वैशाली एवढेच म्हणाली, “आजी, त्यानं मले काऊन नाई विचारलं? मी तं घरीच होती.”

चंद्रपूरला सुनावणी लागली. साहेब वरच्या माळ्यावर. शिपाई म्हणाला, दोघं धरून पोरीला उचलून नेतो. बाई म्हणाल्या, “ते धानाचं पोतं नाही. साहेबांना खाली यायची विनंती करा.” मला वाटले, झाले, गेली केस. आणि साहेब खरेच खाली आले!

तिथे बाईंनी उलट मलाच विचारले, “आजी, तुम्ही कशा आहात?”

“बरी हाये.”

“डोळे?”

“एका डोळ्यानं दिसत नाई.”

“गुडघे?”

“गेले.”

“मग बऱ्या कशा?”

मी चिडले. “मंग का साहेबासमोर रडत बसू?”

साहेब हसू लागले आणि एकदम थांबले. कागद पुन्हा वाचला. मग बाईंनी वैशालीला विचारले आणि स्वतः मागे सरकल्या. पोरगी बोलली. झटक्यात जीभ कशी चावली जाते, शुद्धीवर आल्यावर कोणकोण बघत होते ते मोजताना कसे वाटते. बावीस वर्षे मी तिला आंघोळ घातली आणि यातले मला काहीच ठाऊक नव्हते. लोक बाईंचे मोठेपण कायद्यात सांगतात. मी ते त्या मागे सरकण्यात पाहिले.

पेन्शन सुरू झाली, गोळी आली. आता कोणी तब्येत विचारली की वैशालीच सांगते, मी तोंड मिटून असते. हे मला फार जड जाते.

परवा बाईंना भेटले. गुडघ्याला पट्टा, जिन्याचा कठडा धरून चढत होत्या. मी म्हटले, “कशा आहात?”

“बरी आहे, आजी.”

मी काठी आपटली. “मले नका सांगू!”

बाईंना भरपूर आयुष्य मिळो आणि तेही धडधाकट. देवाला माझे एवढेच सांगणे आहे. बाईंची तब्येत त्यांना विचारून लिहू नकोस. स्वतः खाली ये आणि बघून लिही.