ताप उतरल्यावर

मी चिमूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मज्जासंस्थेच्या धड्यात ग्लिया पेशींवर दोन-तीन ओळी आहेत. दरवर्षी मी म्हणायचो, "मेंदूतल्या मदतनीस पेशी, परीक्षेत येत नाई, पुढे चला." मोठा मास्तर लागून गेलो!

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या ऐन रोवण्यात, म्हणजे लावणीत, थोरल्या बहिणीला ताप भरला. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी तिला बाईच म्हणतो. ती असंबद्ध बडबडायला लागली तेव्हा चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. मेंदूला सूज होती. चौथ्या दिवशी ताप उतरला अन् बाई उठून बसली. "मले घरी ने, बाबू. रोवणा राह्यला." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर राहू द्या. पण आमच्याकडे हिवताप पाचवीला पुजलेला. ताप गेला की माणूस पुन्हा धानाच्या बांधीत, चिखलात उतरतो, एवढंच आम्हाला ठाऊक. 'जबाबदारी आमची' असं छापलेल्या कागदावर मी सही केली.

दहाव्या दिवशी बाई चिखलात रोपं हातात धरून नुसतीच उभी राहिली. खोचायची कशी, तेच आठवेना. बाजूच्या बायका हसल्या, "काऊन वं, झोपली का?" तेवढ्यात तिला झटका आला.

पुन्हा चंद्रपूरला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, विषाणू गेला असावा, पण मेंदूची राखण करणाऱ्या ग्लिया पेशी अजून थंडावल्या नाहीत, सूज त्याच वाढवत आहेत. रानडुकरं पळाल्यावरही राखणदारानं काठी फिरवत धानच तुडवावं, तसं. "तेव्हा इथंच ठेवली असती तर?" मी विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. अरे, खोटं तरी बोलायचं होतं!

यंदा वर्गात त्या दोन ओळींवर मी अख्खा तास घेतला. एका पोरीनं विचारलं, "सर, हे परीक्षेत येते का?" मला तिचा संताप आला, मग स्वतःची शरम वाटली.

सूज उतरली. गेलेली आठवण परत येणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. धान कधीचंच निघालं. रविवारी मी गावी जातो. बाई स्वतःच्याच घरी, स्वतःच्याच खाटेवर बसलेली असते. मला पाहून पदर सावरते आणि माझी बाही धरते.

"डॉक्टरभाऊ, ताप गेला ना माहा? मले घरी जाऊ द्या. बाबू वाट पाहून राह्यला असन."