निखाऱ्यांचं घमेलं

आमच्या लेस्कोवात्स गावात कोळशावर मांस भाजणारी दुकानं पैशाला पासरी, पण विदोसावासारखी तिखट जीभ एकाही दुकानात मिळायची नाही. नवरा स्तोयादिन पुढे शेगडीशी, ती आणि सासू कोसारा मागच्या खोलीत खिम्याच्या वड्या थापत बसलेल्या. बावीस वर्षं हेच. गिऱ्हाइकाला, नवऱ्याला, प्रसंगी पोलिसालाही ती सुनवायची. घाबरायची एकाच गोष्टीला: दारातून शिरून खिडकीतून निघणाऱ्या वाऱ्याला. तो लागला की मान आखडते, तोंड वाकडं होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

जानेवारीतल्या एका दुपारी वीज गेली. कोसाराची बोटं खिम्यात गारठली. स्तोयादिननं घमेलंभर लाल निखारे मागच्या खोलीत आणून ठेवले आणि खिडकी वीतभर उघडली.

"ही उघडीच राहू दे गं."

"अहो, धुराचं नाव नाही, मग खिडकी कशाला? आईंना वारा लागेल!"

"सांगतोय ना!" म्हणत तो शेगडीकडे पळाला.

"लाव गं बाई, माझी मान धरली," कोसारा कण्हली. विदोसावानं खिडकी घट्ट लावली, फटीत फडकं कोंबलं आणि ताटं वाढायला पुढे गेली.

गर्दी उसळली होती. तासाभरानं ती परतली, तर सासू टेबलावर डोकं टेकून झोपलेली. गाल कसे गुलाबी!

"बघा, ऊब मानवली की नाही? आई?"

खांदा हलवला तर मान लुळी. विदोसावाचं स्वतःचंही डोकं गरगरायला लागलं.

"अहो, धावा! आई उठत नाहीत हो!"

स्तोयादिननं आईला उचलून अंगणातल्या बर्फात नेलं. विदोसावा तिच्या नाकाशी हात धरून बसली. श्वास आहे. नाही. आहे. देवा, आत्ता होता ना!

ॲम्ब्युलन्समधून उतरलेल्या डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला. "जीव आहे. वाचतील की नाही, आत्ता नाही सांगता येत." मग त्या उसळल्या, "निखारे आणि बंद खिडकी! धूर दिसला नाही तरी विषारी वायू साठतो! अक्कल गहाण ठेवली होती का? लावली कोणी ती?"

स्तोयादिननं एकदा विदोसावाकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला.

बाईंनी त्याची खरडपट्टी काढली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. विदोसावा सासूचा गार हात धरून ॲम्ब्युलन्समध्ये चढली. दार लागेपर्यंत तिला वाटत होतं, आता सांगते, आता सांगते. सांगितलं नाही.