दारातलं पाणी

परवा आमच्या गल्लीत लग्नाचा मांडव उभा राहिला, आणि तोही कोरड्या जमिनीवर... ज्यांनी पिंपळगाव राजातली आमची गल्ली आधी पाहिली आहे, त्यांनाच याचं अप्रूप कळेल.

आमचं घर चढावर. मोरीचं सगळं पाणी उताराने थेट शेजारच्या सलीमभाईंच्या दारात जायचं. ते टेलर आहेत. कपडे शिवायला येणारी माणसं त्या काळ्या पाण्यातून टाचा उचलून जायची. यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं, आणि दोन्ही घरांचं बोलणंच तुटलं.

मग कानावर आलं, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय. मांडव दारातच.

मी घरात सांगून टाकलं, आपल्या अंगणात शोषखड्डा करायचा. खोल खड्ड्यात दगड-विटांचे तुकडे भरायचे, सांडपाणी तिथेच जमिनीत मुरतं. माझ्या माहेरी, वडनेर भोलजीला, मी हे पाहिलेलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "काळ्या मातीत पाणी मुरत नसते बाई. अंगणात डबकं होईन."

खड्डा खणला, बादल्या ओतून पाहिल्या... पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच. "सांगतलं होतं तुले," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने तर बुजवायला फावडं उचललं.

मी हटले नाही. काळ्या मातीखालचा, पाणी शोषणारा मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, एवढंच राहिलं होतं. पाणी उपसलं आणि पुन्हा खणायला लागलो. पण खालचा थर इतका कडक, की फावडं नुसतं खणखणायचं.

तेवढ्यात फाटकातून सलीमभाई आले, हातात सब्बल, खणायची लोखंडी पहार. माझ्या नवऱ्याला एवढंच म्हणाले, "बाजूले व्हा भाऊ," आणि खड्ड्यात उतरले.

मग दोघं आळीपाळीने खणत राहिले. संध्याकाळी पिवळा मुरूम लागला. बादली ओतली, आणि पाणी बघता बघता खाली गेलं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दुसरी बादली ओतून खात्री केली.

परवा त्या मांडवात आम्ही सगळे पहिल्या पंगतीला बसलो. निघताना सलीमभाईंच्या बायकोने, रुखसानाभाभींनी, माझा हात धरला.

"वहिनी, तुमचं पाणी यायचं बंद झालं... आता तुमी येत जा."